वास्त्रीची मंद भट्टी

वास्त्री आणि तिचा नवरा तारमुदी, दोघंही जावा बेटावरच्या तेगाल बंदरात हाजी सोबिरिनच्या कारखान्यात कामाला. तिथं मासेमारी बोटींच्या इंजिनांचे गिअर कडक करून मिळत. तारमुदी मोठ्या भट्टीवर. गिअर लालबुंद झाले की लोखंडी टोपली साखळीनं उचलून तेलाच्या टाकीत बुडवायची. असं तेलात विझवलेलं पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून ते लगेच वास्त्रीच्या मंद भट्टीत शेकायला जायचं.

"तुम्ही तापवायचं आणि मी निस्तरायचं," ती म्हणायची. "घरी तेच, इथंही तेच."

"मग पगार मला जास्त का गं?"

"आरडाओरड्याचा भत्ता धरून देतात, कांग." तिकडच्या रीतीनं नवऱ्याला ती कांगच म्हणायची.

एका दुपारी टोपली तेलात अर्धी गेली आणि साखळी अडकली. वरचे गिअर उघडेच, लाल. तेलानं भडका घेतला. सगळे दाराकडे पळाले. तारमुदीही पळाला, पण दारातून मागं फिरला. टाकीपलीकडे वास्त्री भिंतीला पाठ लावून उभी होती. तिला वाटच उरली नव्हती. त्यानं दोन्ही हातांनी साखळीला हिसडे दिले. टोपली बुडाली, त्यानं झाकण लोटलं, आग दबली. तोवर त्याचा सदरा जळून अंगाला चिकटला होता.

दुसऱ्या दिवशी त्याची पिशवी आणायला ती कारखान्यात गेली, तेव्हा माणसं टाकीतून गिअर काढत होती. मंद भट्टीत न गेलेल्या त्या गिअरांना उभे तडे गेले होते.

इस्पितळात तारमुदीनं विचारलं, "माल तुझ्या भट्टीत गेला का?"

"गेला. मीच भरला."

"तडे?"

"एकालाही नाहीत, कांग."

"वा रे माझी वास्त्री." त्यानं चहा मागितला, दाट, खडीसाखरेचा. नर्स नको म्हणाली. वास्त्रीनं चहात बोट बुडवून त्याच्या ओठांवर फिरवलं. पहाटे तो गेला.

सातव्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर ती कामावर आली. टाकीवर नवीकोरी साखळी लटकत होती.

"ही कधी आणली, मालक?"

"काल सांगितली, आज आली," हाजी सोबिरिन म्हणाला.

"एका दिवसात येते होय? रोज्यांच्या महिन्यापासून मागत होते हो ते! तुम्ही म्हणायचात, बघू, बघू!"

ती तिथंच जमिनीवर बसली आणि इस्पितळात नाही, कबरीवर नाही, ते रडणं तिला तिथं आलं. हाजी मान खाली घालून उभा राहिला.

वास्त्रीनं पुन्हा भट्टी पेटवली नाही. आता ती बंदरावर चहा विकते. गिऱ्हाइकं बोटीच्या इंजिनाविषयी बोलायला लागली की ती उठते आणि धुतलेलेच पेले पुन्हा धुवायला घेते.