गोठ्याच्या भिंतीवरचं पान

गिप्सलँडच्या त्या खोऱ्यात ग्लेनिस ट्रेलोरला सगळे गांडूळबाई म्हणत. तोंडावरसुद्धा. तिथल्या ओल्या उतारांखाली हातभर नव्हे, चांगली मीटरभर लांबीची गांडुळं राहतात आणि ग्लेनिसनं उभं आयुष्य त्यांच्या मागे घालवलं. नवरा मात्र दोन वर्षंही टिकला नाही, असं बाया गावच्या हॉलमध्ये केक कापताना सांगत. खरंखोटं तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

तर तिच्या शेजारच्या मर्व्ह पास्कोनं गोठ्यामागच्या उताराला पाणी काढून द्यायला चर खणायचं ठरवलं. चिखलानं त्याच्या गाई लंगडत होत्या, त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. पण ग्लेनिसला ठाऊक असलेली सगळ्यात दाट वस्ती नेमकी त्याच उताराखाली. खोदायचं मशीन पुढच्या आठवड्यात येणार होतं. तिनं त्याला आपला चाळीस पानी शोधनिबंध नेऊन दिला.

"वाचलास का रे?"

"घेतला वाचायला. पहिल्या पानावर तुझं आभार मानणंच संपेना. मग मी झोपलो."

"आणि पुढे?"

"पुढे ड्यूल्सीनं घेतला. तीही झोपली."

ड्यूल्सी म्हणजे मर्व्हची बायको, जिला एरवी रात्री झोप लागत नसे. ग्लेनिस मनातल्या मनात चरफडली.

मर्व्ह काही वाचत असेल तर ते गोठ्याच्या भिंतीवर. तिकडे सगळ्यांचंच तसं. सडांना मशीन लावलं की रांगेचं दूध निघेपर्यंत हात मोकळे होतात आणि डोळे समोरच्या भिंतीकडे जातात. तिथे प्लास्टिकमध्ये घालून जनावरांच्या डॉक्टरची सूचना, फुटबॉलच्या तारखा, कुणाच्या मयताची वेळ. ग्लेनिस असल्याच गोठ्यात वाढलेली. तिनं ठरवलं, एकच पान लिहायचं आणि गाईंची एक रांग बाहेर जायच्या आत एक परिच्छेद संपला पाहिजे.

पहिलं पान झोकात उतरलं. "तुमच्या पायाखाली या खोऱ्यातली शेवटची गांडुळं अखेरचे श्वास मोजत आहेत." ते तिनं भिंतीवर लावलं आणि सकाळी धारांच्या वेळी दूध मागायच्या निमित्तानं जाऊन उभी राहिली.

मर्व्हनं वळूनही पाहिलं नाही. "शेवटची म्हणे. मग गेल्या महिन्यात माझ्या भावाच्या ओढ्याकाठी गुडघ्यांवर बसून काय शोधत होतीस? कानातलं?"

"वाचावंसं वाटावं म्हणून जरा रंगवलं."

"रंगवलंस म्हणूनच वाचलं. आणि वाचलं म्हणूनच पकडलं."

ग्लेनिस दूध न घेताच परतली. चाळीस पानांत एक खोटा शब्द नव्हता, तर कुणी वाचली नाहीत. एक वाक्य मन लावून वाचलं गेलं, तर ते खोटं निघालं.

दोन दिवस तिनं कागद फाडले. तिसऱ्या दिवशी भिंतीवर नवं पान लागलं:

"मर्व्ह, तुझ्या उतारावरून चालताना मोरीतून पाणी जावं तसं पायाखाली गुडगुडतं. ते गांडूळ ओल्या बिळातून मागे सरकत असतं.

त्याचं अंडं फुटायला साधारण वर्ष लागतं. म्हणून एकदा वस्ती गेली की लवकर भरून येत नाही.

चर खणलास की उतार सुकेल. सुकल्यावर ती मरतील का? मला माहीत नाही. दुसऱ्या एका उतारावर चर खणल्यानंतर ती सापडेनाशी झाली, पण तिथे नांगरही फिरला होता. चर खालच्या कुंपणालगत घेतलास तरी गाईंची वाट कोरडी राहील असं मला वाटतं. ते तुला जास्त कळतं."

'मला माहीत नाही' खोडायला तिचा हात कितीदा शिवशिवला. तिनं ते राहू दिलं.

खोदायचं मशीन आलं त्या दिवशी ग्लेनिस आपल्या कुंपणापाशी गुलाब छाटत होती. गुलाब कधीच छाटून झाले होते.

"खालून घे," मर्व्ह ड्रायव्हरला सांगत होता.

"वरून ठरलं होतं ना?"

"वर गांडुळं आहेत."

"चर खणला की मरतात?"

"माहीत नाही."

"हे काय उत्तर झालं?"

"वर्ष लागतं त्यांचं अंडं फुटायला. ही बाई जन्मभर त्यांच्या मागे आहे, तिलाही माहीत नाही. तू काय मशीनवर बसून ठरवणार? खालून घे."

ड्रायव्हर कुरकुरत खाली गेला. ग्लेनिसनं एक धडधाकट फांदी उगाचच कापली.

महिनाभरानं मर्व्ह तिच्या दारात उभा. "वाट निम्मी अजून ओलीच आहे."

"मी 'वाटतं' असं लिहिलं होतं."

"वाचलंय मी," मर्व्ह बूट काढत म्हणाला. "चहा टाक."