घरच्या डाळिंबावरचा संशय

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात एकाच गोष्टीवर विश्वास ठेवला, आणि ती म्हणजे स्वतःचा संशय. वरकुट्यात त्यांची डाळिंबाची बाग. डॉक्टरनं दिलेली गोळी ते आधी डॉक्टरलाच खायला सांगत. आमचं लग्न ठरताना त्यांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र उन्हात धरून तपासलं आणि वर म्हणाले, "शिक्का ओला वाटतोय."

मी बारामतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेत नखाएवढ्या काचेवर चांदीचे, डोळ्यांना न दिसणारे कण बसवतात. फळ धुतलेल्या पाण्याचा थेंब त्यावर टाकून लेझर सोडला, की विखुरलेल्या प्रकाशावरून फवारलेल्या औषधाचा अंशसुद्धा ओळखता येतो. प्रत्येक औषधाची खूण वेगळी. हे कळल्यावर मामा कसले स्वस्थ बसतायत! पिशवीभर डाळिंबं घेऊन हजर.

मामला गंभीर होता. मामांच्या लेकीला सातवा महिना. तिच्यासाठी राखलेल्या झाडावर फवारा मारायचा नाही, असं घरात ठरलेलं. तरी त्या फळांना औषधाचा वास यायचा. बांधापलीकडचा धाकटा भाऊ द्राक्षांवरचा फवारा मुद्दाम इकडं सोडतो, असं मामांनी ठरवून टाकलं. बोलणं बंद. आता डोहाळजेवणालाही सख्ख्या चुलत्याला बोलावणं नाही!

"पोरीच्या जिवावर उठलाय त्यो. पुरावा द्या, जावईबापू, मग त्याच्याकडं बगतो."

आधी त्यांनी माझीच परीक्षा घेतली. नुसतं बोअरचं पाणी नमुना म्हणून दिलं. मी "यात काही नाही" म्हटल्यावर जरा निवळले. मग काच निरखत म्हणाले, "ह्यात चांदी हाय म्हंता? मुंगीचं पैंजण तरी हुईल का?"

डाळिंबावर औषध निघालं. मामांनी मांडीवर थाप मारली. "बगा! म्हनलं न्हवतं?"

दोन्ही बागांतल्या औषधांचे नमुने त्यांनीच आणले होते. खूण भावाच्या औषधाशी जुळेना. जुळली ती मामांच्याच औषधाशी.

"मशीन फितूर हाय!"

तीनदा तपासलं. तीनदा तेच. शेवटी मी विचारलं, "मामा, तुमच्या बागेत फवारणी झाली की त्या झाडाकडं जाता का?"

"मग? रोज जातो. त्यानं काय केलं का ते बगाय एकेक फळ चाचपतो."

"हात धुऊन?"

मामा तळहात उलटसुलट करून बघत राहिले. मला उगीच विचारलं असं झालं.

मी त्यांना गावी सोडायला निघालो, तर वाटेत त्यांनी गाडी भावाच्या दारात थांबवायला लावली. भाऊ गोठ्यातून लगबगीनं आला. मामांनी प्रस्तावना केलीच नाही. "माझ्याच हाताचं औषध व्हतं रं. रविवारी पोरीचं डोहाळजेवन हाय. ये."

"दादा, मी रोज बांधावर येऊन हुबा ऱ्हायचो," भाऊ म्हणाला, "तू हाक मारशील म्हनून."

मामा माझ्याकडं वळले.

"अन् मी म्हनायचो, फवारा सोडाय आलाय."