पट्ट्यांतल्या अळ्या

लडाखात सिंधूकाठी राहणाऱ्या स्पालझेसआबीच्या, म्हणजे स्पालझेस आजीच्या, हातून उभ्या जन्मात मुंगी मेली नव्हती, आणि त्याचा तिला जरा गर्वही होता. गुरांच्या हौदात पडलेली माशीसुद्धा ती बोटावर घेऊन उन्हात सुकवायची. अशा बाईकडे तिच्या लेकाने, पाल्जोरने, जाळायचं काम दिलं.

बागेतली सफरचंदाची बावीस झाडं तिच्या नवऱ्याने लावलेली. तो गेला; त्याचं म्हणून एवढंच उरलं होतं. अलीकडे फळाफळात अळी निघायची. बागायत खात्याने सांगितलं, खोडांना गोणपाटाच्या पट्ट्या बांधा, अळ्या त्यांत दडायला येतात, मग पट्ट्या जाळा. पाल्जोर पट्ट्या सोडून आईपुढे टाकायचा. ती त्या पट्ट्या ओढ्यापलीकडे नेऊन झटकायची, वर चार मंत्र पुटपुटायची आणि रिकामं गोणपाट चुलीत घालायची. अळी कुठली ओढा ओलांडतेय! तीन वर्षं हेच चाललं, आणि फळं किडतच राहिली.

यंदा पाल्जोर म्हणाला, "आमाले, आता पुरे. झाडं तोडतो आणि पाहुण्यांसाठी खोल्या बांधतो."

त्याच आठवड्यात खात्यातली एक मुलगी बरणीत राखाडी पतंग घेऊन गावात आली. "आबीले, हीच ती अळी. हिवाळाभर निजते, मग पंख फुटतात."

आबीने बरणीतले पंख पाहिले. पंखांना कसला आलाय ओढा!

ती तशीच घरी आली. "पाल्जोर, झाडं तोडू नकोस रे. अळ्या मीच सोडल्या. यंदा माझ्या हाताने जाळते. पाप लागलं तर लागू दे."

पाल्जोर म्हणाला, "ठाऊक होतं मला."

"आणि गप्प बसलास?"

"पहिल्या पट्टीला काडी लावायला मीच गेलो होतो. हात धजला नाही. म्हटलं, तुझ्या गाठीला जन्मभराचं पुण्य आहे. तुला एवढं खपून जाईल."

"वा रे लेका! नरकात धाडायला आईच सापडली!"

तो हसला नाही. झाडं तोडायला माणसं ठरली होती. आणि एकट्या आबीने जाळून भागणारही नव्हतं. शेजारच्या बागांतही पट्ट्या जाळताना हात असेच कचरत होते, आणि तिथले पतंग इकडे येणारच.

चार दिवसांनी झाडं पडली. आबीने तोडणाऱ्यांना मिठाचा चहा दिला. सुटलेल्या सालींखालच्या अळ्या उघड्यावर पडून उन्हात वळवळत होत्या. त्यांना उचलून सावलीत ठेवायला ती वाकली नाही.