खेमराजचा संध्याकाळचा वर्ग

चंद्रकांता लग्न होऊन आली तेव्हा तिची चार बुकंही पुरी झालेली नव्हती, आणि नवरा मात्र नागपूरला इंजिनेरीच्या पहिल्या वर्षात शिकत होता. अर्जुनी मोरगावपासून कोसभर आत असलेल्या त्या गावात इंजिनेर म्हणजे नेमकं काय करतो ते कोणाला धड सांगता आलं नसतं. पण तो आपल्या गावात तयार होऊन राहिला आहे, हे शेळ्या राखणाऱ्या पोरांनाही ठाऊक होतं. सासरे उमराव यांनी ते ठाऊक करून दिलं होतं.

उमराव जातीचे कोहळी. तलाव बांधावे कोहळ्यांनीच, असं त्या भागात म्हणत आणि त्यांना ते ऐकायला फार आवडे. तलावाच्या कामाची त्यांच्यात एक रीत होती. दिवसभर सगळं गाव पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती टाके. दिवस मावळला की कामाचा म्होरक्या मोजक्या गड्यांची नावं घेई, बाकीचे घरी जात. थांबवलेले गडी तुडुमाच्या तोंडाशी चिकणमाती बसवत. तुडुम म्हणजे तलावातून शेताला पाणी सोडायचं दार. तिथं हात चुकला तर अख्खा तलाव वाहून जायचा, म्हणून तिथं फक्त पक्के गडी. जेवणाच्या पंगतीत त्यांना पहिलं पान मिळे.

त्या दिवाळीला खेमराज घरी आला आणि बोलता बोलता म्हणाला, "बाबा, आता संध्याकाळी सगळे पोट्टे गेले का आमाले काही जनायले वेगळं थांबवतेत. एक प्रोफेसर शिकवते. मेसचे पैसेबी माफ झाले."

उमराव बाजेवरून उठूनच उभे राहिले. "वेगळं थांबवतेत? तुमालेच?"

"हो. मोजक्यालेच."

झालं. पोरगा पुढं काही बोलायच्या आत सासूबाई जमुनाबाईंनी त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला होता, आणि गूळ चघळता चघळता खरं सांगणं कोणालाही कठीणच. सांजेपर्यंत गावभर झालं की उमरावच्या पोराला नागपूरच्या कॉलेजानं तुडुमावर घेतलं.

चंद्रकांता घरामागच्या सांदवाडीत वालाच्या शेंगा तोडत होती. खेमराज मागून आला आणि कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला.

"कोनाले बोलू नोको. ज्यायले समजत नाही, ते पोट्टे थांबवतेत त्या वर्गात."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मंग तुमाले समजत नाही?"

"सकाळच्या वर्गात मास्तर इंग्रजीत बोलते. मी फळ्याकडं पाहतो, फळा माह्याकडं पाहते. दोघायलेबी काही समजत नाही."

तिला हसू आलं, पण त्याचा चेहरा पाहून तिनं ते गिळलं.

"संध्याकाळी आपल्या बोलीत समजावतेत. वरच्या वर्गातला एक पोट्टा बाजूले बसते, हिशोब चुकला का पुन्हा करवते. गावाकडच्या पोट्ट्यायसाठीच काढला तो वर्ग. आता कुठं जमून राहिलं. पन होळीपासून परीक्षेपर्यंत रोज गेलं पायजे. नाही गेलो तं नाव काटतेत. बाहेर दुसरे पोट्टे वाटच पाहून राहिले."

"मंग मामाजीले सांगा ना."

"कसा सांगू? आता गुळबी खाल्ला."

तो गेला आणि ते ओझं चंद्रकांतेकडे राहिलं.

त्या वर्षी गावातला तलाव कोणाचा हाच प्रश्न होता. मालगुजारी म्हणजे जमीनदारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि पाळ खचली तर माती कोणी टाकायची हे सरकारनं कोणाच्या कानात सांगितलं नव्हतं. लोक दोन उन्हाळे सरकारची वाट पाहत बसले. मग तुडुमाचं लाकूड कुजून पाणी झिरपायला लागलं, तेव्हा उमरावांनीच गाव गोळा केलं. बैठकीत उदारामानं तोंड उघडलं. हा शेजारी, आणि त्याला दुसऱ्याच्या मोठेपणाचा त्रास लवकर व्हायचा.

"काय गा उमराव, घरात इंजिनेर असून तुडुम आमीच बसवायचा का? का तो फक्त नागपूरच्या तुडुमावर चालते?"

लोक हसले. उमराव हसले नाहीत. होळीला घरी आलेल्या खेमराजला त्यांनी परत जाऊच दिलं नाही.

"बाबा, माहा वर्ग बुडते."

"तुले वर्ग कायले पायजे रे आता? पक्क्या गड्याले कोनी रोज रोज शिकवते? महिनाभर उभा राहा पाळीवर. नुसता दिस लोकायले."

खेमराजनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं जमुनाबाईंकडे पाहिलं. जमुनाबाई चुलीत लाकूड सारत होत्या.

दुसऱ्या दिवशी दोघी जात्यावर लाखोरी भरडत होत्या, तेव्हा चंद्रकांतेनं सासूला सगळं सांगितलं. जातं थांबलं नाही. जमुनाबाई म्हणाल्या, "तो पाळण्यात होता तवापासून हे सांगून राहिले का माहा पोरगा मोठा होनार. आता मी जाऊन सांगू का तो ढ हाय?"

"ढ नाही जी, इंग्रजी..."

"तेच ते. ओत, दाळ ओत."

मग उरली ती एकटी. त्या घरात सून सासऱ्याशी सरळ बोलत नसे. अगदीच अडलं तर पदर ओढून भिंतीकडे तोंड करायचं आणि भिंतीला सांगायचं, सासऱ्यानं ऐकायचं. चंद्रकांता आजवर भिंतीशी पानी तापलं, पाव्हने आले, यापलीकडे बोललेली नव्हती. त्या दुपारी उमराव जेवून सुपारी कातरत बसले होते. ती ओसरीच्या भिंतीपाशी उभी राहिली. तिनं पदर ओढला.

"त्या वर्गात म्हनते हुशार पोट्टे नाही ठेवत," ती भिंतीला म्हणाली. "ज्यायले जमत नाही तेच ठेवतेत. यायले गेलंच पायजे. नाही तं नाव कटते."

अडकित्ता थांबला. चंद्रकांतेनं डोळे मिटून घेतले.

आणि उमराव हसले. चांगले पोट धरून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"ऐकलं का वो!" त्यांनी जमुनाबाईंना हाक मारली. "सून मोठी शहाणी मिळाली. नवऱ्याले दिठ लागू नये म्हनून कशी बोलून राहिली पाहा!"

जमुनाबाई आतून म्हणाल्या, "हो, शहाणीच हाय."

त्या दिवसापासून उमराव पाळीवर सगळ्यांना तेच सांगू लागले. "माहा पोरगा? अरे ढ हाय तो! ढ म्हनून थांबवते त्याले कॉलेज!" आणि डोळा घालत. गडी खदखदून हसत, उदारामसुद्धा. खेमराज हातात टेप घेऊन उन्हात उभा असे. काय मोजायचं ते त्याला कोणी सांगत नव्हतं, आणि न मोजताही तुडुम नीट बसत होता. भाकरी घेऊन आलेली चंद्रकांता हे ऐके आणि टोपलं खाली ठेवून परत जाई. खरं जितकं होतं तितकं ती बोलून चुकली होती. त्याच्यापुढं आणखी काय बोलतात ते तिला येत नव्हतं.

तुडुम बसला. खेमराज छोट्या रुळांच्या आगगाडीनं नागपूरला गेला. परीक्षा दिली आणि उन्हाळ्यात तो ट्रंक घेऊन परत आला. निकाल लागला, त्यात खेमराजचा नंबर नव्हता, तेव्हा उमराव म्हणाले, छापनाऱ्याची चूक. चांगल्या तांदळाची गाठोडी बांधून ते पोराला घेऊन स्वतः नागपूरला त्या प्रोफेसराच्या घरी गेले.

परत आले तेव्हा गाठोडी तशीच खांद्यावर होती. उमराव विहिरीवर पाय धूत राहिले, आणि खेमराजनं दाराआड चंद्रकांतेला सांगितलं. प्रोफेसर भला माणूस. चहा दिला, बसवलं. म्हणाले, काका, तो वर्ग मागे पडलेल्या मुलांसाठीच आहे. हा चांगला वर येत होता. मग महिनाभर आलाच नाही, म्हणून जागा दुसऱ्याला द्यावी लागली. बाबांनी विचारलं, मंग आता घ्या ना जी त्याले. प्रोफेसरांनी हात जोडले. नापास झाल्यावर कॉलेजातच ठेवत नाहीत, ते माझ्या हातात नाही, म्हणाले.

"बाबा काय बोलले?"

"गाडीत मले खिडकीपाशी बसवलं."

जेवायला दोघे बापलेक शेजारी बसले. जमुनाबाई उंबऱ्यात टेकल्या होत्या आणि कोणाकडेच पाहत नव्हत्या. चंद्रकांतेनं भात वाढला, वर लाखोरीचं वरण घातलं. उमरावांनी भात कालवला आणि तसाच ठेवला. मग मान वर करून त्यांनी थेट सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

"आता काय करावं, बाई?"

त्या घरात तिला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. खेमराजही तिच्याकडे पाहू लागला, जणू तिच्यापाशी काही असेल. तिनं फार शोधलं. पदर डोक्यावरून घसरला तरी तो ओढायचं भान तिला राहिलं नाही.

"अजून भात वाढू का?" ती म्हणाली.