विहीणबाई आणि पोटातले भाडेकरू

अख्ख्या नाशिकमध्ये मला भावात हरवणारं माणूस एकच, आणि ते नेमकं माझ्या मुलीच्या सासरी निघालं. सातपूरला एका लेथवर सुरुवात करून मी वर्कशॉप उभं केलं, भंगारवाल्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळ्यांशी भांडलो. पण विहीणबाईंपुढे माझी मात्रा कधी चालली नाही.

बाई निफाडच्या शाळेतून विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या आणि तेव्हापासून दिसेल ते पोट त्यांना आपला वर्ग वाटतं. दारात आलेल्या माणसाला ‘कसे आहात’ विचारायची पद्धत त्यांनी केव्हाच मोडीत काढली. थेट ‘पोट साफ होतं का?’ गंगापूर रोडवरच्या त्यांच्या सोसायटीचे चेअरमन त्यांना चुकवायला लिफ्ट सोडून जिन्याने जातात. “बघा, फायदा त्यांचाच झाला,” असं वर बाईंचंच म्हणणं. आतड्यातल्या जिवाणूंना त्या भाडेकरू म्हणतात. “त्यांना चोथा द्या, दादा. उपाशी ठेवलंत तर आतड्याच्या भिंतीचा गिलावा खरवडून खातात!” एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या पानात आपल्या डब्यातली मटकी वाढली होती.

माझ्या मुलीला कॉलेजपासून आतड्याच्या सुजेचा आजार. औषधांनी तो आता शांत आहे, पण अन्नाची धास्ती मागे राहिली. दिवस राहिल्यावर तर ती टोस्ट आणि मऊ भातावरच आली. “माझं दुखणं बाळाला गेलं तर?” एवढं एकच डोक्यात. वजन वाढेना. ‘औषध थांबवू नकोस आणि सगळं खा,’ असं डॉक्टर सांगून थकले.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण माझ्याकडे ठरलं. घासाघीस करून मी आचारी त्याच पैशांत पाच पक्वान्नांवर आणला. विहीणबाईंनी त्याला परस्पर फोन करून घरी बसवला. तो राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही. फुलांनी मढलेल्या माझ्या लेकीपुढे, डॉक्टरांना विचारून, त्यांनी ताट मांडलं: भाकरी, मोडाच्या मुगाची आमटी, दुधीची भाजी, दही. मुलगा की मुलगी हे ओळखायच्या झाकलेल्या वाट्यांत पेढा-बर्फीऐवजी दोन्हीकडे नाचणीची आंबील. “काहीही होवो, पोट धड असलं म्हणजे झालं.”

माझा पारा चढला. “ताई, एवढं करून बाळाला आजार होणार नाही, याची गॅरंटी काय?”

“गॅरंटी कुकरला असते, दादा, नातवंडाला नाही. आईच्या खाण्याचा बाळाच्या पोटातल्या भाडेकरूंवर परिणाम होतो असं दिसायला लागलंय. पुरतं कुणालाच कळलेलं नाही.” मग त्या लेकीशेजारी पाटाला पाट लावून बसल्या. “भीती मलाही वाटते गं. तू जेव, मी इथेच आहे.”

बायकांनी म्हणायला घेतलेल्या ओव्या थांबल्या होत्या. लेकीने भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, डोळे मिटून गिळला. मग दुसरा. थोड्या वेळाने सासूला म्हणाली, “आई, अजून आमटी वाढा ना.”

विहीणबाईंनी पळी उचलली. अवघ्या जगाच्या पोटांना शिस्त लावणाऱ्या त्या बाईंना भरल्या डोळ्यांनी तेवढी वाटी दिसेना. आमटी ताटाबाहेर सांडायला लागली.  मी त्यांच्या हातावर हात ठेवून पळी सरळ धरली.