रिकाम्या पिकअपचे पाटे

माझं शेवटचं पोस्टिंग दिल्लीत होतं. मिलिटरी हॉस्पिटलच्या स्पायनल वॉर्डची मी इन-चार्ज नर्सिंग ऑफिसर होते, हुद्दा मेजर. तिथूनच निवृत्त झाले. तुमच्या आजोबांनी नोएडात फ्लॅट आधीच घेऊन ठेवला होता, म्हणून इथेच राहिले. ईरा, कबीर, एवढं तुम्हाला माहीत आहे. माहीत नाही ते त्या फोटोबद्दल. तो पाहून कबीरने फोनवर विचारलं, "आजी, तू इलेक्शनला उभी राहिलीस का?" पिकअपच्या हौद्यात दाटीने बसलेली नऊ माणसं, त्यांच्या पुढे व्हीलचेअर, आणि कोपऱ्यात घडीच्या खुर्चीवर मी, गळ्यात स्टेथोस्कोप. इलेक्शन नव्हतं. ड्यूटी होती. क्रमाने सांगते.

व्हीलचेअरवर आहेत ते नायक अशोक वानखेडे, अमरावतीकडचे. सुरुंग काढणाऱ्या सॅपरांच्या, म्हणजे इंजिनिअर जवानांच्या, प्लाटूनमध्ये होते. सीमेवर त्यांची वन-टनर गाडी सुरुंगावर गेली. तिघं गेले. वानखेडे वाचले, पण छातीच्या वरच्या भागातला मणका मोडला. हात शाबूत, छातीखाली काही नाही. काही नाही म्हणजे हालचाल नाही आणि जाणीवही नाही. पायावर निखारा पडला तर त्यांना वासाने कळेल. ते माझ्या वॉर्डात वर्षाहून जास्त होते. पुढे मुलीला, माधुरीला, गाझियाबादच्या शाळेत नोकरी लागली आणि बापलेक तिथेच राहिले.

गेलेल्यांपैकी लान्स नायक सतबीर याच भागातला. दादरीच्या पलीकडे त्याचं गाव आहे. गावकऱ्यांनी शाळेसमोर त्याचा पुतळा उभारलाय. स्फोटानंतर सतबीर थोडा वेळ जिवंत होता, आणि त्याच्या शेजारी पडलेले वानखेडे शुद्धीवर होते. त्यामुळे त्याची आई, जिला सगळं गाव अम्मा म्हणायचं, दरवर्षी त्या तारखेला वानखेडेंना एकच प्रश्न विचारायची. सतबीरला पाणी मिळालं होतं का? वानखेडे सांगायचे, मिळालं होतं, माझ्याच बाटलीतलं. मग अम्मा पुतळ्याला हार घालू द्यायची. पुढे तिची स्मृती जात चालली. मुलाचं मरण तेवढं लक्षात होतं, उत्तर राहत नव्हतं. आणि उत्तर द्यायचं ते वानखेडेंनीच, समोर बसून. फोनवरच्या आवाजावर तिचा विश्वास नव्हता.

फोटोच्या आदल्या वर्षी वानखेडे जाऊ शकले नाहीत. इतकी वर्षं हातांवर शरीर उचलून खांदे निकामी झाले. व्हीलचेअरवरून कारच्या सीटवर सरकणं डॉक्टरांनी बंद केलं. ते आले नाहीत म्हणून अम्मा रोज तांब्या घेऊन पुतळ्यापाशी जाऊन बसायला लागली. जेवण सुटलं. तिचा नातू सोनू माधुरीला फोन करून एवढंच म्हणाला, "दीदी, इस बार अंकल को ले आना. दादी अगला साल नहीं देखेगी."

आमच्या सोसायटीतले आम्ही निवृत्त लोक व्हीलचेअर, वॉकर, पलंग गरजूंना वापरायला देतो. त्यासाठी एक जुनी पिकअप घेतली होती. वानखेडेंना खुर्चीसकट तिच्यात चढवायचं ठरलं. गाडी तयार करण्याचं काम सुभेदार जगतापांनी घेतलं. हे साताऱ्याचे. सगळी नोकरी आर्मी वर्कशॉपमध्ये, तीही डोंगरात.

जगतापांनी आठवडाभर खपून गाडी 'अपग्रेड' केली. चढण्यासाठी उतरती फळी लावली. मागे दोन्ही बाजूंच्या पाट्यांत, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांत, एकेक जाड पाटा वाढवला. इकडचे मेकॅनिक पाट्यांना कमानी म्हणतात आणि शॉक ॲब्झॉर्बरला शॉकर. तर शॉकरही हेवी ड्यूटी बसवले. माल भरल्यावर लागते तेवढी हवा टायरांत मारली.

"मॅडम, आता हत्ती बसवा. पाटा तुटायचा नाही."

"मला हत्ती नाही, पेशंट न्यायचाय."

"डोंगरात पाटा तुटला की गाडी तिथंच अन् माणूसही तिथंच. आम्ही बघितलंय." हे बोलताना ते हसत नव्हते.

आदल्या दिवशी ट्रायल रन झाला. वानखेडेंना बसवून जगतापांनी सेक्टरला दोन फेऱ्या मारल्या. मी विचारलं, "कसं वाटलं?"

"एकदम आराम, मॅडम. झोप येऊन राहिली होती."

वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर या उत्तराची किंमत मला माहीत होती. जवानाला दुखतंय का विचारलं तर तो "ठीक हूँ, मैडम" म्हणणार. टाके घालतानाही म्हणणार. त्यात या माणसाला छातीखालचा धक्का कळतच नव्हता. म्हणून मी जगतापांचा भरलेला चहाचा कप वानखेडेंच्या मांडीवरच्या ट्रेमध्ये ठेवला आणि तिसरी फेरी मारायला लावली. परत आले तेव्हा कपात तळाला घोटभर चहा होता.

"स्पीड ब्रेकर होता," जगताप म्हणाले.

"आणि चहा तुमचा होता," वानखेडे म्हणाले. "तेच दुःख आहे त्यांना."

आता इथे गाडीची एक गोष्ट समजून घ्या. पिकअप टनभर माल वाहायला बनवलेली असते. वजन पडलं की पाटे वाकतात, आणि वाकले की धक्का खातात. एक माणूस आणि एक खुर्ची त्यांच्या खिजगणतीतही नसते. म्हणजे गाडी जितकी मजबूत केली, तितकी ती आमच्या कामाला वाईट झाली होती. हे तेव्हा आम्हाला असं स्वच्छ दिसलं नाही. आम्ही फौजी. मजबूत म्हणजे चांगलं, एवढंच शिकलेलो. पाटे पुन्हा खोलायला वेळही नव्हता. मी दोन अटी घातल्या. वेग तीसच्या वर नाही, आणि मी मागे पेशंटजवळ बसणार.

सकाळी साडेसातला गाझियाबादहून निघालो. जगताप स्टिअरिंगवर, माधुरी त्यांच्या शेजारी. मी मागे, बीपीचं मशीन आणि औषधांची पिशवी घेऊन. केबिन आणि हौदा यांच्यात फोन चालू ठेवला होता. जगताप फोनवरसुद्धा वायरलेससारखंच बोलतात.

"मॅडम, पुढं खड्डा. ओव्हर."

"दिसला. हळू."

"रॉजर."

दादरीपर्यंत ठीक गेलं. पुढे पाइप टाकायला रस्ता उकरून ठेवला होता. गाडी उडायला लागली. व्हीलचेअर चार बाजूंनी बांधलेली होती, पण वानखेडे खुर्चीत उसळत होते. जगतापांनी गाडी थांबवली, मागे आले आणि त्यांच्या मांड्यांवरून आणखी एक पट्टा ओढून घट्ट बांधला. "आता हलायचे नाहीत."

सात-आठ मिनिटांनी वानखेडे म्हणाले, "मॅडम, डोकं जरा दुखून राहिलंय."

मी वळून पाहिलं. हा माणूस कधी दुखतंय म्हणत नाही. चेहरा लाल झाला होता, कपाळावरून घाम ओघळत होता. दंडावर काटा उभा होता.

"जगताप, स्टॉप. आत्ता."

बीपी घेतलं. वरचा आकडा दोनशेच्या वर होता. वॉर्डात याला डिसरिफ्लेक्सिया म्हणायचो. मणका मोडलेल्या माणसाला खालच्या अंगाचं दुखणं कळत नाही, पण अंग आपल्या परीने बोंब मारतं आणि रक्तदाब चढत जातो. कारण सापडलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होतो. औषध नंतर, आधी कारण शोधायचं.

"माधुरी, बुटांचे बंद सोड. कमरेचा पट्टा सैल कर."

मी लघवीच्या नळीवरून हात फिरवत गेले. जगतापांनी बांधलेल्या नव्या पट्ट्याखाली ती दुमडून चेपली गेली होती. पिशवीत थेंब उतरत नव्हता. पट्टा कापला, नळी सरळ केली. पिशवी भरू लागली. दोन-दोन मिनिटांनी बीपी घेत राहिले. आकडा उतरत गेला, चेहऱ्याची लालीही उतरली. मग पाठ आणि मांड्या तपासल्या. कातडी कुठे फाटली नव्हती.

जगताप रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांच्या हातात कापलेला पट्टा होता.

"मीच बांधला," ते म्हणाले.

"तुम्ही बांधलात कारण गाडी उडत होती. आता परत फिरायचं. वीस मिनिटांवर हॉस्पिटल आहे."

"मॅडम," वानखेडे म्हणाले, "मी परत नाही जात."

"हा विचारायचा विषय नाही, नायक."

"मॅडम, तुम्ही ऑर्डर दिली तर मी मानतो. पण मग अम्माला जाऊन तुम्ही सांगा. ते तांब्या घेऊन बसून राहिली असेल."

माधुरी वडिलांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी हिशेब केला. कारण सापडलं होतं, दाब जागेवर आला होता. गाव पाच-सहा किलोमीटर. पण पुढचा रस्ता असाच, आणि गाडी अशीच उडणार. मी म्हटलं, "गाडी उडणं थांबवा, मग पुढे जाऊ. नाहीतर परत."

जगताप खाली वाकून पाट्यांकडे बघत राहिले. मग उठले. "हिला वजन पाहिजे, मॅडम. टनभर. मीच हिला टनाची केलीय." आणि त्यांनी सोनूला फोन लावला.

सोनू चार मोटरसायकली घेऊन आला. सतबीरचे पुतणे, चुलत भाऊ, एक दूधवाला, आणि ज्यांना सगळे ताऊ म्हणत होते ते झुपकेदार मिशांचे थोरले काका.

"अंकल, कितने आदमी चाहिए?" सोनूने जगतापांना विचारलं.

"जितने तगड़े हों."

"फिर ताऊ को रहने दो," एक पोरगा म्हणाला. "इनका सारा वज़न मूँछों में है."

"मूँछों का ही टन है, बेटा," ताऊ म्हणाले आणि सगळ्यात आधी चढले.

जगतापांनी परेडला फॉल-इन करवावं तशी माणसं बसवली. "सब लोग पिछले पहिये के ऊपर! टायर की लाइन में! कोई हिलेगा नहीं." नऊ जण बसले. पाटे वाकलेले माझ्या डोळ्यांनी दिसले. टायरांतली हवा थोडी कमी केली. खुर्ची केबिनला टेकून होती, तिला आता एकही जादा पट्टा नव्हता. नळीवर माझा हात होता. इतकी माणसं हौद्यात बसवणं नियमात बसत नाही, हे तुम्ही लक्षात ठेवा आणि कधी करू नका. फोटो तेव्हाचा आहे, माधुरीने काढला.

गाडी निघाली आणि डुलत चालली. खड्डा आला की सगळे एकदम खाली जायचे आणि सावकाश वर यायचे. थोड्या वेळाने ताऊंनी वानखेडेंच्या खुर्चीचं चाक धरलं, ते गाव येईपर्यंत सोडलं नाही. मी दोनदा बीपी घेतलं. ठीक होतं.

गाडीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. पुढच्या आठवड्यात जगतापांनी स्वतः वाढवलेले पाटे काढले, मूळच्यातला एकेक कमी केला, शॉकर त्या मापाचे मऊ बसवले आणि हौद्यात चाकांवर वाळूची पोती कायमची बांधली. कपातला चहा आता बशीतही येत नाही. पिकअप रोज कुणाला तरी डायलिसिसला नेते.

गावात पोचलो तेव्हा अम्मा पुतळ्याखाली खाटेवर बसली होती, मांडीवर पितळी तांब्या. नऊ माणसं उतरली, मग फळीवरून खुर्ची उतरली. अम्माने वानखेडेंकडे बराच वेळ पाहिलं. ओळखलं की नाही, कळेना.

"तू उसके साथ वाला है?"

"हाँ, अम्मा."

"पानी मिल गया था उसे?"

"मिल गया था, अम्मा. मेरी बोतल से पिया. दो बार."

"दो बार," अम्मा म्हणाली. मग तिने तांब्या त्यांच्यापुढे केला. "तो ले, तू भी पी ले. धूप में आया है."

वानखेडे प्रवासात पाणी मोजून पितात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि सगळा संपवला. अम्माने पदराने त्यांची हनुवटी पुसली आणि सोनूला म्हणाली, "हार ला."

अम्मा त्या दिवशी जेवली. हिवाळ्यात गेली.

ईरा, कबीर, हॉस्पिटलात येतात ते वाचलेले. गेलेल्यांना मी कधी पाहिलं नाही. त्यांची ओळख मला माझ्या पेशंटांकडूनच झाली आहे. म्हणून वानखेडेंनी सांगितलेलं तुम्हाला लिहून ठेवते. सॅपर जोसेफ गाडी चालवत होता. त्याला शिट्टीवर कुठलंही गाणं वाजवता यायचं. सॅपर हरजिंदर एकवीस वर्षांचा होता, सुट्टी मंजूर झाली होती. लान्स नायक सतबीर टोळीत सगळ्यात पुढे चालायचा, स्वतःहून. त्याला तहान लागली होती. त्याला पाणी मिळालं.