आमच्या मंडपातलं व्हिएतनाम

लेकीने व्हिएतनामहून आणलेली निमुळती टोपी पिशवीतून बाहेर काढली आणि घरभर वाळलेल्या पानांचा वास पसरला. भात लावणाऱ्या बायका तिथे अजूनही अशीच टोपी घालतात, असं ती सांगत होती. तिथली कॉफी, भुयारांत वाकून काढलेले फोटो, आणि तिच्याच हॉटेलात उतरलेलं एक म्हातारं अमेरिकन जोडपं, जे तिथल्या लोकांशी हसतखेळत जेवत होतं, हे सगळं ती एका दमात सांगत होती. माझं लक्ष मात्र त्या वासापाशीच अडलं होतं. टोपी मी नाकाशी धरली आणि वयाची बासष्ट वर्षं पार केलेली मी सरळ नऊ वर्षांची होऊन लालबागच्या आमच्या चाळीच्या चौकात जाऊन उभी राहिले.

त्या चौकात श्रावण लागला की खळीचा आंबूस वास दरवळू लागे. घमेल्यांत वर्तमानपत्रं भिजत पडलेली असत, त्यांचा लगदा होई, आणि त्या लगद्यातून हळूहळू डोंगर, देवळं, राक्षस नि राजे आकाराला येत. पाळी सुटली की गिरणीतले आमचे बाप-काके अंगावरचा कापूस झटकून गणपतीच्या देखाव्याला हात लावत. त्या वर्षी बाबांनी मंडळाच्या बैठकीत पुराणातला प्रसंग बाजूला ठेवायला लावला आणि व्हिएतनाम करायचं असा हट्ट धरला. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर काम करत, लाल बावट्याचे कट्टर माणूस. त्यांच्या उशाशी कायम वर्तमानपत्रांची चळत असे. एका देशाचे नकाशावर रेघ मारून दोन तुकडे केले, उत्तरेचं लाल वारं दक्षिणेत येऊ नये म्हणून सात समुद्रांपलीकडची महासत्ता विमानं घेऊन धावली आणि वाचवायला म्हणून आलेल्यांनी शेतंच्या शेतं जाळली, हे ते जेवताना आईला असं समजावत, की जणू शेजारच्या चाळीतलं भांडण असावं. "बोलावलं कोणी ह्यांना तिथे?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. आई मुकाट्याने आमटी वाढत असे.

पण व्हिएतनाम पाहिलं होतं कोणी? वर्तमानपत्रातली पुसट चित्रं सोडली तर आमच्यापाशी काहीच नव्हतं. मग कोकणातल्या माणसांनी जे करायचं तेच केलं. डोळे मिटले आणि आपलं गाव उभं केलं. मेरा, म्हणजे बांध घातलेली भाताची खाचरं आली, कडेला माडपोफळी आल्या, कोणीतरी हौसेने तुळशीवृंदावनही करून ठेवलं, आणि तिथे तुळस कुठली, असं बाबांनी म्हटल्यावर ते नाराजीनेच उचललं गेलं. लावणी करणाऱ्या सगळ्या बायका मात्र काष्टा घातलेल्या, डोक्यावर इरली घेतलेल्या, अस्सल आमच्याकडच्या. पाऊस अडवायला बांबूच्या कामट्यांत पानं विणून केलेलं ते इरलं लेकीच्या टोपीला किती जवळचं आहे, हे मला परवा कळलं. पन्नास वर्षांपूर्वीची ती घोडचूक बहुधा तेवढी मोठी नव्हती.

त्या बायकांतली मधली बाहुली माझी होती. आईच्या फाटक्या हिरव्या लुगड्याचा तुकडा तिला नेसवला होता, आणि तिचं वीतभर इरलं वसंतकाकाने स्वतः विणलं होतं. वसंतकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, आमच्याच खोलीत राहणारा, गिरणीच्या यंत्रदुरुस्ती खात्यात कामाला. त्याच्या हातांत जादू होती. देखाव्यातलं हेलिकॉप्टरही त्यानेच केलं. बांबूचा सांगाडा, तुपाच्या डब्याच्या पत्र्याची पाती आणि पंख्याची जुनी मोटर. वरच्या कप्पीवरून आलेली दोरी काळ्या पडद्यामागच्या खांबाला बांधलेली असे, आणि ती सरसर सरकावी म्हणून काका तिला रोज ग्रीस चोळी. बाबा माइकवर निवेदन वाचू लागले की ते हेलिकॉप्टर घरघरत खाली उतरे, लाल दिवा लागे आणि माझी बाहुली तोंडावर पडे.

त्या हेलिकॉप्टरावरूनच दोघा भावांचं वाजलं. शेवटी ते कोसळलं पाहिजे, असं बाबांचं म्हणणं. काका पडला देवभोळा माणूस. देव न मानणाऱ्यांचा विजय गणपतीपुढे दाखवायचा हे त्याला सहन होईना, आणि महिनाभर खपून केलेली वस्तू रोज आपटायची हे तर अजिबातच नाही. "मी माझ्या हातान केलेला देवापुढे मोडूचंय नाय," असं म्हणून तो अडून बसला. अखेर मंडळाच्या वडीलधाऱ्यांनी तोड काढली. खाचरांच्या मधोमध नकाशावरची रेघ म्हणून पांढरी दोरी आडवी टाकायची, हेलिकॉप्टर खाली येऊन पुन्हा वर जाईल, जिंकणार कोण ते प्रेक्षकांनी ठरवावं. दोघा भावांनी मूर्तीवर हात ठेवून कबूल केलं, की यापुढे कुणीही त्यात बदल करायचा नाही. आमच्या घरात देवापुढे दिलेला शब्द मोडणं म्हणजे माणूस संपल्यासारखंच होतं.

गौरीच्या जेवणाची ती दुपार मला अजून स्वच्छ दिसते. चाळीच्या प्रत्येक दारातून वड्यांचा नि कोंबडीच्या सागुतीचा वास येत होता, सगळी माणसं पानावर बसली होती आणि मंडपात समईशिवाय कोणी नव्हतं. चार दिवस मी ती बाहुली पडताना पाहत होते. आज तिला वाचवायचंच, असं मनाशी ठरवून मी पडद्यामागे शिरले. हेलिकॉप्टर हळूच खाली घ्यायचं आणि मूर्तीच्या चौरंगाखाली लपवून टाकायचं, एवढाच माझा बेत होता. गाठ सुटली मात्र, ग्रीस लावलेली ती दोरी माझ्या तळव्यांतून सळकन निसटली आणि हेलिकॉप्टर धाडकन खाचरांवर आदळलं. पाती वाकली. माझी बाहुली नेमकी त्याच्या खाली होती. इरल्यासकट तिचा चुराडा झाला.

मी पळत वर आले आणि सज्ज्याच्या कठड्याआडून खाली पाहत राहिले. आवाजाने माणसं जमली. काका मोडक्या पात्याजवळ उकिडवा बसला, दोरी तुटलेली नव्हती, गाठच सोडलेली होती, हे त्याने बघितलं आणि मग मान वर करून बाबांकडे बघितलं. सगळेच बाबांकडे बघत होते. मी कठड्याआड आणखी खाली वाकले. आज वाटतं, की तेवढ्या एका क्षणात मी खाली गेले असते तर आमचं घर एक राहिलं असतं. पण मी भेकड होते, हे सरळच सांगते.

विसर्जन होईपर्यंत घर मोडायचं नाही म्हणून काका तोवर राहिला, एका पंक्तीला जेवला, बाबांशी अवाक्षर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याची ट्रंक उचलून तो कॉटन ग्रीनला मित्राच्या खोलीवर गेला तो गेलाच. माझ्या लग्नात आला, आईच्या आजारपणात आला, बाबांशी मात्र बोलला नाही. पुढे ते युद्ध संपलं, त्या देशातली रेघ पुसली गेली, गिरण्या बंद झाल्या. बाबा गेले तेव्हा काका जिन्यापाशी उभा होता, खांद्यावर उपरणं, कोरडे डोळे. बाबांचा उल्लेख तो कायम "तुझो बापूस" असा करी. दादा हा शब्द त्याने टाकूनच दिला होता.

परवा मी ती टोपी घेऊन करी रोडला गेले. काका आता पंचाऐंशीचा आहे, मुलाच्या सत्ताविसाव्या मजल्यावरच्या घरात खिडकीपाशी बसून असतो. टोपी हातात घेताच त्याची बोटं तिच्या विणीवरून फिरू लागली. "ह्या तर इरला," तो म्हणाला, आणि इतकी वर्षं दडवलेलं मी बोलून टाकलं. गाठ मी सोडली होती, काका. बाहुलीला वाचवायला गेले होते.

खाली क्रेनचा आवाज येत होता, सुनेने ठेवलेला चहा निवत होता. मग तो टोपीकडेच बघत म्हणाला, "तुझ्या बापाशीन माका सांगल्यान, मियाच सोडलंय दोरी म्हणान. त्याच सांजेक, नळार." बाबांनी मूर्तीवर हात ठेवलेला होता, आणि जन्मभर खऱ्यासाठी भांडलेला तो माणूस भावापाशी जाऊन दोरी आपणच सोडली असं बोलला होता.

"मगे इतकी वर्सां मी बोललंय नाय, ता कोणाशी?" काकाने विचारलं. आवाज मुळीच चढला नव्हता. मी रडत होते.

थोड्या वेळाने त्याने माझा हात ओढून घेतला, तळवा उलटा केला आणि एखादा सुटा भाग तपासावा तसा निरखला. "दोरीक ग्रीस होता. तुझ्या हातांक लागला नाय?"

लागलं होतं. त्या संध्याकाळी बाबांनी मला मोरीत बसवलं होतं, रॉकेलचा बोळा घेतला होता आणि माझी काळी बोटं एकेक करून, नखांच्या कडांपर्यंत, सावकाश पुसली होती. हात कुठे घातलास, असं त्यांनी विचारलं नव्हतं. मग साबण लावून पुन्हा धुतले, आपल्याच धोतराला कोरडे केले आणि ते खाली नळावर गेले. पाणी भरायला जात असतील, असंच मला तेव्हा वाटलं होतं.

हे मी काकाला सांगितलं. त्याने माझा हात सोडला नाही. खिडकीतून जिथे आमची चाळ होती त्या दिशेला तो बघत राहिला.

"दादान माका खोटा सांगल्यान," एवढंच तो म्हणाला.